पेपर टाकल्यानंतरचे ९० दिवस

मित्रहो, पेपर टाकल्यावर, म्हणजे राजीनामा दिल्यावर, मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो, थांबण्यासाठी वाढीव पगाराचा आकडा सांगतो, आपण हो किंवा नाही म्हणतो, की काउंटर ऑफरचा विषय संपला, असं बाहेरून वाटतं. हिंजवडीत किंवा ऐरोलीत काम करणाऱ्यांना विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहायची मुदत, ९० दिवसांचा असतो आणि मनधरणी तेवढे दिवस चालते. सुरुवातीला मॅनेजर म्हणतो, "अरे, तू आपला माणूस, असं कसं करतोस?" मग एचआरचा फोन येतो. आणि दुसऱ्या महिन्यात, सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर आलंय, बदली माणूस मिळालेला नाही, अशा वेळी खरा आकडा पुढे येतो. तोवर आपणही सैल पडलेलो असतो. नव्या ऑफिसची हौस ओसरते, तिथे कोण भेटेल, कसं जमेल याची धाकधूक सुरू होते. अशा मनःस्थितीत थांबायचं की जायचं हे ठरवू नका. ते पेपर टाकण्याआधीच ठरलेलं हवं.

म्हणून आधी कारण लिहून काढा, एका ओळीत. पगार हेच कारण असेल, तर राजीनामा न देता पगार मागून बघा. कारण रात्रीच्या शिफ्टचं असेल, तर वाढलेल्या पगारानं झोप पुरी होणार नाही.

तरी आकडा आलाच, तर तो फोडून पाहा. समजा, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, तीन लाखांनी वाढवला. त्यात दीड लाख रिटेन्शन बोनस: एकदाच मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत करायचा. पन्नास हजार व्हेरिएबल: कामगिरीवर अवलंबून, मिळतीलच असं नाही. उरले एक लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये, तेही पीएफ आणि कर कापण्याआधी! "पुढच्या अप्रेझलला बघू" हे तर हिशेबात धरूच नका.

थांबणं योग्य ठरतं, अशी वेळही येते. आईवडील पुण्यात एकटे आहेत, बदली मिळेना म्हणून मुंबईतली नोकरी सोडताय, आणि कंपनी बदलीचा लेखी आदेश देते. इथे मूळ अडचणच सुटते. जरूर थांबा, फक्त आदेश हातात पडल्यावरच राजीनामा मागे घ्या, आणि नव्या कंपनीला त्याच दिवशी कळवा. तिथेही कुणीतरी तुमच्या भरवशावर जागा अडवून ठेवलेली असते. जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

नकार द्यायचा असेल, तर आभार मानून मेलवर द्या आणि त्यातच शेवटच्या दिवसाची तारीख लिहा. दुसरं ऑफर लेटर दाखवत बसू नका, तिथूनच घासाघीस सुरू होते. आणि एक, नोकरीला पाच वर्षं होत आली असतील तर नोटीस विकत घेऊन, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, घाईनं निघू नका. नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात, आणि काम करून भरलेला नोटीस पिरियड त्यात धरला जातो.