याचं लग्न कधी?

(लंडनमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

मी आपल्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून कार्यकारिणीने ‘पुढची पिढी’ हा विषय मला दिला. या पिढीतली काही मुलंमुली समलिंगी आहेत. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे आणि त्यांच्या आईवडिलांबद्दलही, कारण ते आपल्यातलेच आहेत.

काही आया माझ्याकडे मन मोकळं करतात. मुलगा इथे वाढलेला, नोकरीला लागलेला, जोडीदाराबरोबर राहणारा. शेजारच्या इंग्रज आजींना ते ठाऊक आहे, त्याच्या ऑफिसात ठाऊक आहे. लपवायचं ते फक्त मंडळापासून. एक आई म्हणाली, “गणपतीत प्रत्येक जण विचारतो, याचं लग्न कधी? मी सांगते, अजून सेटल व्हायचंय त्याला.” इंग्लंडमध्ये 2014 पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न कायदेशीर आहे. म्हणजे या आईला भीती सरकारची नाही. तिला आपली भीती वाटते.

हा विषय निघाला की काही जण म्हणतात, हे आपल्या धर्मात बसत नाही. काही म्हणतात, आपला धर्म उदारच होता, हा सोवळेपणा इंग्रजांनी आणला. दुसऱ्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. आठव्या हेन्रीच्या काळात, 1533 मध्ये, इंग्लंडने अशा संबंधांना फाशीची शिक्षा ठेवली. 1835 मध्ये याच लंडनमध्ये, न्यूगेटच्या तुरुंगासमोर, या गुन्ह्यासाठी शेवटच्या दोघांना फासावर चढवलं. भारतात 1860 च्या दंडसंहितेत कलम 377 आलं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. इंग्लंडने आपला कायदा 1967 मध्ये सैल केला. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 6 सप्टेंबर 2018 उजाडला. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की, या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. कुटुंबीयांचीही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण सगळं खापर इंग्रजांवर फोडून आपल्याला सुटता येणार नाही. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर प्रायश्चित्त म्हणून अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान सांगितलं आहे. बाईने कुमारिकेशी तसं केलं तर तिचं मुंडन, बोटं छाटणं, गाढवावरून धिंड. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये कलम 377 सैल केलं, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात ज्योतिषी गेले, ख्रिस्ती संघटना गेल्या, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही गेलं. एरवी यांचं एकमेकांशी किती जमतं, हे आपण जाणतो.

आणि तरीही आपल्याच परंपरेत घारापुरीचा अर्धनारीश्वर आहे. विठ्ठलाला वारकरी आई म्हणतात, तो जनाबाईबरोबर जात्यावर दळायला बसतो. यल्लम्माचा जोगता लुगडं नेसून दारी आला की त्याला जोगवा घालतात, हात जोडतात. पण तसाच मुलगा आपल्या पोटी जन्मला तर? तेव्हा हात जोडणारं तेच घर त्याला बाहेर काढतं.

माझ्या मते गाठ इथेच आहे. बालगंधर्वांकडे पाहून घरंदाज बायका साडी नेसायला, गजरा माळायला शिकल्या. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि गणपत पाटील? तमाशापटांत नाच्या रंगवला, थिएटरं हसून हसून लोळली. प्रत्यक्षात संसारी, बायकोमुलांचा माणूस. पण रस्त्यात टोमणे खाल्ले, घरच्यांनाही ऐकावं लागलं. पुरुषाने रंगमंचावर स्त्री होणं आपल्याला चालतं. एखाद्या पुरुषात थोडं बाईपण दिसलं की मात्र तो थट्टेचा विषय होतो. ‘बायल्या’ ही शिवी का आहे? बाई असणं कमीपणाचं आहे, असं आपण मनोमन धरून चाललोय म्हणून. ‘मुलीसारखा काय रडतोस?’ हे माझ्या वर्गाबाहेर पालकांच्या तोंडून मी ऐकते. ते वाक्य मुलालाही लागतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीलाही.

मुलींचं तर कुणाला कळतही नाही. दोन मैत्रिणी एकत्र राहतात, एवढंच लोकांना दिसतं. मग स्थळं येऊ लागतात. लग्न झालं की सगळं ठीक होईल, असं सांगणाऱ्यांना मला आज स्पष्ट विचारायचं आहे: कुणाचं ठीक होईल? पुण्याहून, नाशिकहून एक मुलगी लग्न होऊन इथे येते. परका देश, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, आणि नवरा तिच्याकडे पाहतही नाही. तिने कुणाचं काय बिघडवलं होतं? आपली अब्रू राखायला दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य वापरणं हे पाप आहे. मी हा शब्द विचार करूनच वापरते आहे.

डॉक्टरला दाखवा म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली आहे.

हे काही पाश्चात्त्य खूळ नाही, मराठीत ही चर्चा जुनी आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. वाचकांचे लैंगिक प्रश्न छापत, उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. 1934 मध्ये त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, पण मासिक कर्व्यांनी 1953 मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं. इथे किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरी आपण पाहुण्यांना हौसेने घेऊन जातो. तिथे गेल्यावर या खटल्याचीही गोष्ट सांगा.

आता मंडळाचं. आपल्या कौटुंबिक सदस्यत्वाच्या अर्जावर ‘पती’ आणि ‘पत्नी’ असे रकाने आहेत. तिथे ‘जोडीदार’ लिहावं. वधूवर मेळाव्यात समलिंगी मुलामुलींनाही नाव नोंदवता यावं. गणेशोत्सवात लेझीम मुलांची आणि लावणी मुलींची, ही वाटणी बंद करावी. ज्याला जे आवडेल ते त्याने करावं. आणि या मुलांच्या पालकांसाठी महिन्यातून एकदा बैठक व्हावी. नावं बाहेर जाणार नाहीत. माझ्या घरची जागा मी द्यायला तयार आहे.

हा प्रस्ताव मी लेखी स्वरूपात सचिवांकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान घ्यावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून बोलावं, मी ऐकेन आणि उत्तरही देईन.