बेथनल ग्रीनचा जिना

श्रोतेहो, नमस्कार. लंडनच्या ईस्ट एंड भागात माहीतगार वाटाड्याबरोबर पायी हिंडत दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा पाहता येतात. तुमच्यापैकी कुणाचं लंडनला जाणं झालं, तर अर्धा दिवस यासाठी जरूर राखून ठेवा.

७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी गोदीलगतच्या या कामगारवस्त्यांवर पहिला मोठा हल्ला चढवला. बेथनल ग्रीनचं भुयारी स्टेशन तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं. गाड्या सुरू व्हायच्या होत्या, म्हणून लोक रात्री तिथेच आसरा घेऊ लागले. पुढे खाली हजारो माणसांच्या झोपण्याची सोय झाली, वाचनालयसुद्धा उघडलं.

३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला. लोक जिन्याकडे निघाले. तेवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज ओळखीचा नव्हता. बॉम्बच पडले, असं वाटून सगळे एकदम पुढे सरकले. पायऱ्या ओल्या, उजेड एका मिणमिणत्या दिव्याचा, मधोमध धरायला कठडा नाही. तळाशी एक बाई अडखळून पडली, तिच्या अंगावर मागची माणसं पडत गेली. १७३ जण गुदमरून, चेंगरून मेले. त्यांत ६२ मुलं होती. आणि त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता!

हे प्रवेशद्वार सुरक्षित करू द्या, अशी मागणी स्थानिक कौन्सिलने आधीच केली होती. वरून नकार आला. दुर्घटनेनंतर चौकशी झाली, तिचा अहवाल मात्र १९४५ पर्यंत दडवून ठेवला गेला. तोवर वस्तीतल्या लोकांनाच दोष देणाऱ्या वावड्या उठत राहिल्या. माझ्या मते वाटाड्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि नकार कुणी दिला, का दिला, हे आपण त्याला विचारायला हवं.

शेजारच्या बागेत उलट्या जिन्याच्या आकाराचं लाकडी स्मारक आहे. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. तिथून चालत ग्रोव्ह रोडला जाता येतं. लंडनवरचा पहिला व्ही-१ उडता बॉम्ब १३ जून १९४४ रोजी इथल्या रेल्वेपुलावर कोसळला. पुलावर तशी पाटी आहे.

स्टेशन आज रोजच्या वापरात आहे. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी जिन्यावर घोळका करू नका. वाटाड्याचं बोलणं आधी बागेत ऐका, मग कठडा धरून त्या १९ पायऱ्या उतरा.