नव्या किडनीतला जुना पाहुणा: बीके विषाणू

नमस्कार श्रोतेहो. किडनी बसवलेल्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज बोलायचं आहे ते बीके विषाणूबद्दल. १९७१ साली लंडनमध्ये किडनी बसवलेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला. रुग्णाची आद्याक्षरं बी. के., तेच विषाणूचं नाव झालं. कुळ पॉलिओमा. पोलिओशी त्याचा काही संबंध नाही, नावं कानाला सारखी लागतात एवढंच.

आपल्यापैकी बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होऊन गेलेली असते. मग तो किडनीत आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात निपचित पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांनी आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतो, आणि तो जागा होतो. आधी लघवीत दिसतो, काही आठवड्यांनी रक्तात, आणि मग किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी फोडू लागतो. शंभरातल्या दहा-वीस जणांच्या रक्तात तो सापडतो. किडनीला इजा होते ती त्याहून कमी जणांना. क्वचित मूत्रनलिका आकसून लघवी अडते.

घात असा, की दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळते तो रक्तातला कचरा, वाढेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून रक्ताची बीके पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी पहिले नऊ महिने दर महिन्याला, पुढे दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी करायची. तपासणी महाग आहे हे खरं, पण बरं वाटतंय म्हणून ती टाळू नका. बरं तर वाटणारच!

आता सगळ्यात अवघड भाग. क्रिएटिनिन वाढलं की मनात येतं रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय. रिजेक्शनवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतात, बीकेवर कमी करावी लागतात. निदान चुकलं तर उपचारच किडनीच्या मुळावर येतो. शंका असेल तर डॉक्टर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवतात. विषाणू किडनीत ठिकठिकाणी विखुरलेला असतो, त्यामुळे एकच तुकडा घेतला तर तो हुकू शकतो. किमान दोन तुकडे हवेत आणि त्यात किडनीचा आतला गाभाही यायला हवा.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या १,००० हून जास्त कॉपीज, म्हणजे प्रती, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा आल्या, किंवा एकदाच १०,००० च्या वर गेल्या, तर औषधं कमी करायला घेतात. बहुधा मायकोफेनोलेट आधी निम्म्यावर आणतात, किंवा टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल खाली आणतात. या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध अजून नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिन वापरून पाहिलं गेलं, चाचण्यांमध्ये त्याचा उपयोग दिसला नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि त्याला काही महिने लागतात. त्या काळात कॉपीज दर दोन ते चार आठवड्यांनी मोजायच्या आणि क्रिएटिनिनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, कारण औषधं उतरवताना रिजेक्शन डोकं वर काढू शकतं. म्हणूनच गोळी स्वतःच्या मनाने अर्धी करू नका, अगदी रिपोर्ट हातात असला तरी.

काही गोष्टींनी टॅक्रोलिमसची लेव्हल नकळत चढते आणि विषाणूचं फावतं. पपनस खाऊ नका. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम अशी औषधं कुणी लिहून दिली तर आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा. जुलाब झाले तरी लेव्हल वाढते, तेव्हाही कळवा. आणि लेव्हलसाठी रक्त द्यायला जाताना सकाळची टॅक्रोलिमसची गोळी खाऊन जाऊ नका, सोबत न्या. रात्रीच्या डोसला बारा तास झाले की रक्त द्यायचं, आणि मग तिथेच गोळी घ्यायची.