इम्प्लांट बसवल्यावर पाळी अशी का वागते?

नवरात्र चालू आहे, कोल्हापुरात महाद्वार रोडवर पहाटेपासून बायकांची रांग लागलीय. आणि शिवाजी पेठेत एखादी वहिनी मात्र घरातच थांबलीय, कारण सकाळी परत डाग दिसला. सासूबाई म्हणतात, "अगं, आठवड्यापूर्वीच तर झाली न्हवं तुझी पाळी, मग हे आणि काय?"

तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली एक मऊ काडी आहे, गर्भ राहू नये म्हणून बसवलेली, हेच ते इम्प्लांट. ४ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, म्हणजे आगपेटीतल्या काडीएवढी. आत ६८ मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते ३ वर्षं रोज थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. आपल्याकडं सरकारी कुटुंब नियोजनात ही काडी २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं यायला लागली.

एरवी कसं होतं बघा, पाळीच्या चक्राच्या सुरुवातीला इस्ट्रोजेनमुळं गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन खाली येतात आणि अस्तर गळून पडतं, तीच पाळी. इम्प्लांट असताना बीज सुटणंच थांबतं, हार्मोन दिवसभर, महिनाभर साधारण एकाच पातळीला, त्यामुळं अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं.

मग रक्त कुठनं येतं? तर त्या पातळ अस्तराच्या वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंती नाजूक होतात, आणि आज इथली फुटली, चार दिवसांनी तिथली, असं चालू राहतं. म्हणून डागाला ना तारीख ना वेळ.

आणि हे नीट ऐका, कारण घराघरात भीती याचीच आहे. "पाळी आली नाही तर घाण रक्त आत साठतं" असं मावशी, आत्या सगळ्या सांगतात. साठत नाही हो! अस्तरच तयार झालं नाही तर बाहेर पडायला काही उरतच नाही.

अभ्यासांमध्ये दिसलंय की ९० दिवसांच्या टप्प्यात साधारण पाचातल्या एकीला रक्तस्राव अजिबात होत नाही, तिघींतल्या एकीला क्वचित होतो, आणि जवळपास पाचातल्या एकीला लांबत जातो. पहिल्या ३ महिन्यांत जसं असतं त्यावरनं पुढचा थोडा अंदाज येतो. हे सगळं काडी बसवायच्या आधी सांगायला पाहिजे, नंतर नव्हे! आधी माहीत असलेली बाई घाबरून दुसऱ्या महिन्यातच काडी काढायला धावत नाही.

फार लांबलं तर डॉक्टर आधी गरोदरपण, इन्फेक्शन बघतात, मग काही दिवस मेफेनॅमिक ॲसिडसारखी गोळी देतात, चालत असेल तर इस्ट्रोजेनवाली पण. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर मात्र आधीच सांगा, तिच्यामुळं काडीचा असर कमी होतो. आणि नकोच वाटलं तर काडी काढता येते, बहुतेकींना काही आठवड्यांतच बीज परत सुटायला लागतं.