इरलं आणि कोयनेची वीज

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या धूर न काढणाऱ्या विजेबद्दल. म्हणजे आपली कोयना. कोळसा नाही, राख नाही. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे नि मिक्सर एकदम लागले, की ही वीज काही मिनिटांत हजर! औष्णिक केंद्राला ते जमत नाही.

आता आमच्या शेजारच्या आजींची गोष्ट. माहेर कोयनाकाठचं, सासरही कोयनाकाठचं. दोन्ही धरणाच्या पाण्याखाली गेली. बदली जमीन मिळाली सोलापूर जिल्ह्यात. ट्रकमध्ये भांडी चढली, जातं चढलं, आणि सासूबाई अडून बसल्या, "इरलं घेतल्याशिवाय मी बसायची नाय." इरलं म्हणजे डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, बांबू-पानांचं पावसाळी छप्पर. बरोबरच होतं त्यांचं. त्या खोऱ्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, इरल्याशिवाय भाताच्या खाचरात वाकणार कोण? (आजही सांगतो, प्लॅस्टिकच्या रेनकोटाला इरल्याची सर नाही. आत घामानं भिजायचं, तर रेनकोट हवा कशाला?) नव्या गावात मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या. शेजारणी विचारायच्या, "काय गं, ही होडी कशाला आणलीस?" शेवटी त्या इरल्याखाली खुडूक कोंबडी बसली. आजी सांगताना हसायच्या, मग म्हणायच्या, "भात लावणारे हात आमचे. पाभर कशी धरायची, तेच ठावं नव्हतं." पाभर म्हणजे कोरड्या रानात पेरणी करायचं अवजार.

आणि बघा, कोयना मूळची कराडला कृष्णेत मिसळून पूर्वेला जाणारी. विजेसाठी तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. आजी गेल्या पूर्वेला, पाणी गेलं पश्चिमेला. पुन्हा सांगतो, आजी पूर्वेला, पाणी पश्चिमेला. धूर नसलेल्या विजेच्या हिशेबात हेही धरायला हवं. 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही त्याच हिशेबातला; धरणातल्या पाण्याच्या भाराशी त्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात.

पवनचक्क्यांचं म्हणाल, तर सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर त्या उभ्या आहेतच. गाव बुडत नाही, पण रस्ते कापावे लागतात आणि वारा पडला की पाती थांबतात. सौर वीज सूर्य मावळला की संपली. म्हणून आता पंप्ड स्टोरेज: डोंगरावर एक तळं, खाली एक तळं. दिवसा जादा विजेनं पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. त्या वरच्या तळ्याच्या जागी आज कुणाची गुरं चरतात, हे प्रकल्पाच्या जनसुनावणीत विचारता येतं. तारीख ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. नमस्कार.