शिळं पाणी

(दृश्य: पहाट. पूर्व भागातली गल्ली. कुठंतरी माग सुरू झालाय, त्याची खटखट. नळाच्या तोंडाला गुंडाळलेला पाइप फुरफुरतो.)

सोलापुरात वार दोनच. पाणी येतं तो आणि पाणी येत नाही तो.

भीमेवरच्या उजनी धरणातून शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून आलेलं पाणी या गल्लीत कधी चार, कधी पाच दिवसांनी पोचतं. आधी नुसती हवा, मग फुसफुस, मग गढूळ चार थेंब, आणि मग धार. घागर, पिंप, बादल्या, हौद, सगळं रांगेत. कालपर्यंत तांब्या-तांब्यानं पुरवून वापरलेलं पाणी आज एकदम 'शिळं' होतं. ते मोरीत ओतायचं आणि घागर ताज्या पाण्यानं भरायची.

याच गडबडीत कुणाला तरी आठवण होते, माशांची टाकी धुवायची राहिलीय.

(दृश्य: शोकेसवरची दोन फुटी टाकी. आत चार गोल्डफिश. काचेवर हिरवट थर.)

पुढं काय होतं ते सांगतो, कारण मी ते केलेलं आहे. मासे बादलीत काढले. खडे टबात चोळून धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. टाकी अशी लखलखली की शेजारचे बघायला आले. संध्याकाळी दोन मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. तिसऱ्या दिवशी एक उलटा तरंगला. माशांना रोग आला म्हणून मी दुकानातून निळं औषध आणलं, झाकणभर जास्तच ओतलं. त्या निळ्या पाण्यात दुसराही गेला.

रोगाचं नाव शोधत बसलो होतो. मासे मेले होते माझ्या स्वच्छतेनं.

(दृश्य: स्पंज अगदी जवळून. त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर.)

हा थर बघून किळस येते. पण टाकी चालते ती याच्यावर. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशाला विषासारखा. स्पंजावर, खड्यांवर राहणारे एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासा बराच सोसतो. नव्या टाकीत ही वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. नळातलं क्लोरीन ती उठवतं, आणि जाता जाता माशांचे नाजूक कल्लेही भाजतं. त्यात आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षारांचं, आणि हवा गरम. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त घातक.

गंमत म्हणजे माशांना हवं असतं ते मोरीत ओतलेलं शिळं पाणी. उघड्या बादलीत दिवस-दोन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाव भाग पाणी काढायचं, तेवढंच शिळं पाणी घालायचं. स्पंज पिळायचा तो काढलेल्या पाण्यात, आणि तोही हलक्या हातानं. टाकी संपूर्ण उपसून धुण्याचा कार्यक्रम कायमचा बंद.

(दृश्य: डिसेंबरची संध्याकाळ. एक मासा खड्यांवर अंग घासून झटकन वळतो. शेपटीवर पांढरे कण.)

आता खरा रोग. अंगावर बारीक रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. थंडीत, रात्री पारा घसरला की हा हमखास. कारण एक सूक्ष्म परजीवी. 1876 साली फूके या फ्रेंच अभ्यासकानं त्याचं वर्णन केलं. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ लावला तर होतो, माशावरची लेकुरवाळी ऊ. नाव अगदी चपखल. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून फुगलेला जीव. तो पिकला की गळून तळाशी जातो, कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात.

औषध लागू पडतं ते फक्त या पोहत्या पिल्लांना. कातडीखाली आणि कवचात ते पोचत नाही. ठिपके दिसेनासे झाले की लोक हुश्श करून औषध थांबवतात, आणि आठवड्यानं दुप्पट ठिपके येतात. ते गळाले होते, तळाशी बाळंत होत होते. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा.

आणि उपचार म्हणजे बऱ्याचदा स्वयंपाकघरातलं जाडं मीठ. त्यासाठी आधी टाकी मोजा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर मावतं, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून 45 धरा. लिटरला 2 ग्रॅम म्हणजे 90 ग्रॅम मीठ. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून, तीन वेळा करून, दिवसभरात घालायचं. हीटर असेल तर पाण्याचं तापमान दिवसाला अंश-दोन अंशानं वाढवत 30 पर्यंत न्यायचं, परजीवीचं चक्र लवकर संपतं. एअर पंप मात्र अखंड चालू. पाणी आटलं तर वरून बिनमिठाचंच शिळं पाणी घाला, मीठ उडून जात नाही. कॅटफिश जातीच्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, ते आधी हलवा.

शेपूट झिजणं, पांढरी बुरशी, यांची सुरुवातही बहुतेक वेळा घाणेरड्या पाण्यात असते. पाणी सुधारलं की अर्धं काम होतं. खवले उभे राहून पोट फुगलं, तर आशा कमीच. कुणाच्याही सांगण्यावरून अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. स्पंजावरची वस्ती परत उठेल.

(दृश्य: मे महिना. पंखा फिरताफिरता थांबतो. टाकीतले बुडबुडे बंद.)

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागं 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसात. बाहेर 42, त्यात लाइट गेली. अशा वेळी औषधाची बाटली शोधू नका, पाण्याचा मग हातात घ्या. टाकीतलंच पाणी वितभर उंचीवरून टाकीतच ओतत राहा. हात दुखेल. त्या दिवशी खाणं बंद.

आणि नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात. माझ्याकडं पांढरे ठिपके आले होते ते 20 रुपयांच्या एका मॉली माशाबरोबर.

(दृश्य: पुन्हा पाण्याचा दिवस. नातू बादलीवरचं फडकं काढतो. आजी घागर विसळतेय.)

"आजी, ती बादली ओतू नको. माशांची आहे."

"शिळं पाणी घालतोस होय रे त्यांना?"

"तेच लागतं."

आजी काही बोलत नाही. नातू स्पंज दोनदा पिळतो, पाणी चहासारखं होतं.

"यात मीठ नाही ना आज?"

"नाही."

मग ते पाणी मगानं उचलून ती कढीपत्त्याच्या कुंडीत घालते.