ताणला की घट्ट होणारा द्रव

प्लास्टिकची फिल्म बनवणाऱ्या यंत्रातून वर येणारा पारदर्शक फुगा वितळलेल्या पॉलिथिनचा असतो. यंत्राच्या गोल फटीतून बाहेर येणाऱ्या गरम द्रवात हवा भरली जाते, तो चहूबाजूंनी ताणला जातो आणि निवता निवता त्याची पातळ फिल्म तयार होते. फुगा एखाद्या ठिकाणी पातळ झाला, तर तिथेच तो आणखी ताणला जाऊन फाटावा, अशी आपली अपेक्षा असते. कमी घनतेच्या पॉलिथिनच्या बाबतीत मात्र तसे सहसा घडत नाही. या द्रवाचे थर एकमेकांवरून वेगाने सरकवले, तर तो अधिक सहज वाहतो आणि ताणला, तर उलट घट्ट होतो. रंग, टूथपेस्ट, शाम्पू हेही अशाच जटिल द्रवांच्या कुळातले, प्रत्येकाचा स्वभाव मात्र वेगळा.

१९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत हे पॉलिथिन काहीसे योगायोगानेच हाती लागले. ते कसे हाताळायचे, हे कारखाने अनुभवाने शिकले. ते असे का वागते, याचे रेणूंच्या पातळीवरचे पटण्याजोगे उत्तर मिळायला सहा दशकांहून अधिक काळ लागला.

त्या उत्तराची सुरुवात विद्यापीठांत झाली. लांब रेणू शेजाऱ्यांच्या गुंत्यातून सापासारखा सरपटत वाट काढतो, ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर-जिल द जेन यांनी १९७१ साली मांडली आणि भौतिकशास्त्रज्ञ सॅम एडवर्ड्स व मासाओ दोई यांनी त्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर प्रवाहाचा सिद्धांत उभा केला. अडचण एवढीच, की या पॉलिथिनच्या रेणूंना लांब फांद्या असतात आणि फांद्या असलेल्या रेणूला सरपटणे जवळपास अशक्य असते. १९९८ साली लीड्स विद्यापीठाचे टॉम मॅक्लीश आणि मिशिगन विद्यापीठाचे रोनाल्ड लार्सन यांनी दोन्ही टोकांना गोंडे असलेल्या दोरीसारखा रेणू कल्पिला. द्रव ताणला, की मधली दोरी आक्रसू पाहते. पण गोंडे गुंत्यात अडकलेले असल्याने तिला आक्रसता येत नाही, ती ताणलेलीच राहते आणि द्रव घट्ट होतो.

कारखान्यातल्या पॉलिथिनमध्ये मात्र एकसारखे दोन रेणू सापडणेही कठीण. म्हणून लीड्सच्या पुढाकाराने ब्रिटनमधील काही विद्यापीठे आणि पॉलिमर उद्योगातील कंपन्या एका प्रकल्पात एकत्र आल्या. कुणी ठरावीक रचनेचे रेणू अगदी थोड्या प्रमाणात बनवले, कुणी त्यांचा प्रवाह मोजला, तर कुणी गणिते मांडली. अशा सहकार्यातली खरी कसोटी आमच्या मते प्रयोगांपेक्षा करारांची असते, कारण संशोधकाला निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतात आणि कंपनीला आपली उत्पादनाची कृती गुप्त ठेवायची असते. त्यामुळे एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकत्र येतात त्या बहुधा मूलभूत प्रश्नांपुरत्याच.

२०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत विद्यापीठांतील आणि उद्योगातील संशोधक शेजारी शेजारी होते. संयंत्रातील रासायनिक अभिक्रियेपासून सुरुवात करून रेणूंना किती आणि कुठे फांद्या फुटतील आणि त्यामुळे वितळलेला द्रव कसा वाहील, इथपर्यंतचे गणित त्यात मांडले होते. फुगा टिकेल का, हा प्रश्न आता पॉलिथिन तयार होण्याआधीच संगणकाला विचारता येऊ लागला.